दोन तारांखालचा माणूस

त्याची ओळख सांगायची तर आधी त्याची चाल सांगावी लागते. तो रस्त्यानं चालायचा नाही. आमच्या शिवारातून ती मोठी लाइन गेली आहे, चंद्रपूरकडून निघून थेट मुंबईकडं जाणारी, आणि तो त्या लाइनीच्या बरोबर खालून चालायचा. नाला आला तर नाल्यात उतरायचा, बाभळी आल्या तर अंग चोरून त्यांच्यातून निघायचा, पण बाजूच्या चांगल्या गाडरस्त्यावर पाय ठेवायचा नाही. आमच्या घरी यायचं असलं तर आमच्या वावरातल्या टावरपर्यंत नीट यायचा, टावरला हात लावायचा आणि तिथून काटकोनात वळायचा, कवायतीतल्या शिपायासारखा. ओट्यावर बसलेली माणसं हसायची. त्याला त्याचं काही नव्हतं.

"रस्ता काय वाईट हाय का?" मी एकदा विचारलं.

"रस्ता माणसायनं केला. ज्याचं वावर आडवं आलं, तिथं वळवला. ही लाइन पहा, कोणाला भ्यायली न्हाई."

आता लाइनसुद्धा आमच्या गावाच्या पुढं वळलेली आहे. मी त्याला तिथं नेऊन बोटानं दाखवलं. मग तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

लाइनीची राखण हे त्याचं काम. ठेकेदाराकडं गस्तीवर होता. टावरचे नटबोल्ट कोणी काढले का, खाली झाड उंच झालं का, वर तार धरून ठेवणाऱ्या थाळ्यांच्या माळा फुटल्या का, हे बघत चालायचं. गावात सगळे त्याला लाइनवाला म्हणत. माझी बायको तेवढी भाऊजी म्हणायची. ती मागच्या साली गेली. मला लिहायची सवय नाही, शाळा चौथीत सुटली. पण तिच्यामागं घरात बसलो की जी माणसं डोळ्यापुढं येतात त्यात नातलग कमी आणि हा पुढं, म्हणून लिहितो.

गडी मूळचा टेंभुर्णीचा, जाफराबादकडचा. घनसावंगीत खोली करून राहायचा. काळा, उंच, मान कायम वर. सतत वर बघून बघून त्याची मान तशीच बसली होती. आपल्याशी बोलतानासुद्धा तो आपल्या डोक्याच्या वर कुठंतरी बघायचा. नवीन माणसाला वाटायचं, ह्याला आपली किंमत नाही. भेटला की जयभीम म्हणायचा. माणसाला म्हणायचा तसा टावरलाही म्हणायचा. प्रत्येक टावरला. माझा चुलतभाऊ, ज्याचं वावर माझ्या बांधाला लागून आहे, तो एकदा म्हणला, "अरे, लोखंडाला काय जयभीम करतो?"

"तुम्ही दगडाला शेंदूर लावता, मी काही बोललो का?"

चुलतभावाला राग आला आणि मला हसू आलं. मी हसलो म्हणून चुलतभावाला आणखी राग आला.

"कसं काय, बरं हाय ना?" असं कोणी विचारलं तर तो स्वतःचं सांगायचाच नाही. "चालू हाय," म्हणायचा. म्हणजे लाइन. ताप आलेला असला, चप्पल तुटलेली असली, घरून भांडून आलेला असला, तरी उत्तर एकच. एकदा अंगात ताप घेऊन आमच्या ओट्यावर आडवा झाला होता. ही कपाळाला हात लावून म्हणली, "भाऊजी, अंग भाजून राह्यलं तुमचं." तर पडल्या पडल्या वर बघून म्हणतो, "चालू हाय, वहिनी."

त्याच्या गळ्यात एक दुर्बीण असायची, कामाची. तिच्यावरून एकदा गावात मोठी बोंब झाली. कापूस वेचायला बाया गेल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं पाहिलं की बांधावर एक माणूस दुर्बीण लावून उभा आहे. झालं. बायांनी ओच्यातला कापूस तिथंच टाकला आणि विळे घेऊन त्याच्याकडं निघाल्या. हा वर बघण्यात इतका गुंग की बाया जवळ आल्या तरी पत्ता नाही. आमची ही मधी पडली. तिनं त्याच्या गळ्यातली दुर्बीण काढली आणि स्वतःच्या डोळ्याला लावली.

"काय दिसतं गं?" बाया खालून ओरडल्या.

"थाळ्या दिसतेत. चिनी मातीच्या, एकाखाली एक. अगं, कावळ्यानं घरटं केलं वर! तारेचं केलं का काय मेल्यानं!"

"तेच पाहून राह्यलो न मी मघापासून," हा म्हणला. "ती तार खाली लोंबली तर लाइन बंद पडंल."

मग एकेक बाई दुर्बीण लावून गेली. म्हाताऱ्यासुद्धा. एकीनं तर घरटं सोडून स्वतःच्या घराकडं फिरवली आणि म्हणली, "मेली सून झोपलीच हाय!" त्या दिवशी कापूस अर्धाच वेचला गेला. मालक मी होतो, मला खर्च पुरा बसला. पण त्यानंतर त्याला कोणत्याच वावरात कोणी अडवलं नाही. उलट बायाच हाका मारायच्या, "ओ लाइनवाले, आणा इकडं दुर्बीण!"

गावातल्या गड्यांचा मात्र त्याच्यावर राग असायचा, आणि त्यात चूक नव्हती. वरून एवढी लाइन जाते आणि खाली मोटारीला लाईट नाही. दिली तर अर्ध्या रात्री. पाणी द्यायला माणूस अंधारात साप-विंचवातून जाणार, आणि वर दोन बाजूंना तारांचे दोन जुडगे तडतड तडतड करणार. सकाळी दव असलं म्हणजे तर ती तडतड घरापर्यंत ऐकू यायची.

"सांग की तुझ्या लाइनबाईला, घडीभर खाली उतर म्हणावं," लोक म्हणायचे.

मग तो खाली बसून समजावून सांगायचा. त्याला समजावण्याची हौस फार. "हे पहा. तुमच्या घरातला करंट झोक्यासारखा, मागं-पुढं, मागं-पुढं. त्याला तीन तारा. हिचा करंट तसा न्हाई. एकदा निघाला की सरळ, एकाच अंगानं, म्हणून दोनच तारा. हिच्यातून तुम्हाला द्यायचा म्हणलं तर मधी विजेचं मोठं ठाणं बांधून त्याचा झोका करावा लागतो. ठाणी हायेत ती फक्त दोन टोकाला."

कोणाला काही कळायचं नाही. तेव्हा तो दुसरी गोष्ट सांगायचा, आणि ती बराबर कळायची.

"चंद्रपूरची लेक हाय ती. मुंबईला दिली. नांदायला चालली. वाटेत कोणाच्या दारात टेकत न्हाई, कोणाच्या घरचं पाणी पीत न्हाई. तुम्ही वाटेवरचे. तुम्ही फक्त तिला नीट जाऊ द्यायचं."

"आन आमाला काय?" चुलतभाऊ विचारायचा.

"तुम्हाला पुण्य."

"पुण्यावर मोटार चालती का?"

तो उठून चालू लागायचा. लाइनीखालून.

आता पाचटाची गोष्ट. आमच्याकडं ऊस तुटून गेला की वावरात पाचट उरतं, वाळलेल्या पाल्याचा गुडघाभर थर. ते पेटवायचं आणि बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी सोडायचं, ही बापजाद्यापासूनची रीत. काडी लावली की घडीभरात वावर साफ. पण त्या जाळाचा धूर तारांपर्यंत गेला की करंट त्या धुरातून जमिनीकडं उडी मारतो, मोठा आवाज होतो आणि लाइन बंद पडते. लाइन बंद पडली की लाइनवाल्याला साहेबाचे फोन. म्हणून ऊसतोडीच्या दिवसांत तो माणूस वेडा व्हायचा. कुठं तोड संपली की हा तिथं हजर.

माझा ऊस गेला त्या दिवशी मी काडेपेटी घेऊन वावरात गेलो तर हा आधीच तिथं. लाइनीखाली, पाचटात, उताणा झोपलेला. डोक्याखाली हेल्मेट, छातीवर दुर्बीण.

"ऊठ रे," मी म्हणलो.

"पेटवा तुम्ही."

"ऊठ म्हणलं न! पाणी सोडायचंय मला. आज लाईट दिवसाची हाय."

"मी कुठं न्हाई म्हणलो? पेटवा. माझ्यासकट पेटवा. साहेबाला सांगा, लाइनवाला डिवटीवर गेला."

मी शिव्या दिल्या. मला चांगल्या येतात. त्यानं त्या सगळ्या ऐकल्या आणि एकीचा अर्थ विचारला. त्यांच्याकडं ती शिवी नव्हती. मी पाय धरून ओढायला लागलो तर पाचटात तो रुतून बसला, आणि माझ्याच हातात त्याचा बूट आला. तेवढ्यात ही भाकरी घेऊन आली. तिनं एकदा माझ्या हातातल्या बुटाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

"जेवले का भाऊजी?"

"कुठून जेवतो वहिनी? उठलो की हे पेटवून देतेत."

तिनं माझ्या वाटणीची भाकरी त्याला तिथंच, पाचटात वाढली. तो पडल्या पडल्या कुशीवर होऊन जेवला. मग मला म्हणाली, "लाइनीखालचं ऱ्हाऊ द्या तसंच. एवढ्या पट्ट्यानं काय आपण भिकारी होणार न्हाई."

ऱ्हाऊ दिलं. पुढं त्या पट्ट्यातलं पाचट तिथंच कुजलं, तण कमी झालं, खोडवा बाकी वावरापेक्षा चांगला आला. हा दरवर्षी येऊन त्या पट्ट्यापाशी उभा राहायचा आणि काही न बोलता माझ्याकडं, म्हणजे माझ्या डोक्याच्या वर, बघायचा. मी कधी त्याला बरं म्हणलो नाही. मीही मुद्दाम वर लाइनीकडं बघायचो.

"कोण कुठलं मुंबईचं माणूस," मी एकदा जेवताना म्हणलो. "त्याच्या पंख्यासाठी हा इथं पाचटात झोपतो. ह्याला काय म्हणावं?"

"पंख्यासाठीच कशाला?" तो म्हणला. "त्या टोकाला दवाखाने हायेत. कोणीतरी मशीनवर झोपेल असतंय. आपल्याला काय माहीत कोण."

हे तो सगळ्यांनाच सांगायचा. आम्ही कानाआड करायचो.

मग ठेकेदार बदलला. नव्यानं आपली माणसं आणली. ती मोटारसायकलवर येऊन रस्त्यावरूनच टावर मोजून जायची. ह्याला घरी बसवलं. हेल्मेट काढून घेतलं, दुर्बीण काढून घेतली. जाताना आमच्याकडं येऊन गेला, पण काटकोनातून नाही, रस्त्यानं आला. तेव्हा पहिल्यांदा मला त्याची कीव आली. टेंभुर्णीला जाऊन त्यानं भावाच्या किराणा दुकानात बसायला सुरुवात केली. गिऱ्हाईकाशी बोलतानासुद्धा वरच बघतो, असं भाऊ फोनवर हिला सांगायचा. फोन ती करायची. मला फोनवर बोलणं जमत नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हिचं दुखणं निघालं. दम लागायचा, पायावर सूज. जालन्याला दाखवलं, तिथून संभाजीनगर, तिथून मुंबईला पाठवलं. काळजाची झडप गेली होती. डॉक्टरनं समजावून सांगितलं की ऑपरेशनच्या टायमाला काळीज बंद ठेवतात, तेवढा वेळ रक्त मशीनवर फिरतं. आमच्या पोरानं मान डोलावली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून बसलो. काळीज बंद ठेवणार म्हणजे काय, माझ्या डोक्यात हे शिरेना.

निघायच्या आधी हिनं त्याला फोन लावला होता. मी शेजारीच होतो.

"भाऊजी, तुमच्या नांदायला गेलेल्या बाईच्या मागं निघाले बरं का मी."

त्यानं एवढंच विचारलं, "कधी हाय ऑपरेशन?" तिनं वार सांगितला. त्यानं फोन ठेवला. मला राग आला. दोन शब्द धीराचे बोलायला काय जात होतं? गावातल्या बायांनी नवस बोलले होते. कोणी खण-नारळ कबूल केलं, कोणी उपास धरला. माझ्या चुलतभावजयीनं चप्पल सोडली. आणि हा वार विचारून फोन ठेवतो.

ऑपरेशनच्या दिवशी मी दारापाशी बसलो होतो. वर छताला एक लांब दिवा होता. मी त्याच्याकडं बघत होतो. देवाचं नाव घ्यावं म्हणलं तर सुचेना. तो दिवा जळतोय ना, एवढंच बघत बसलो. एकदा तो नुसता लुकलुकला तर मी उठून आत घुसायला निघालो. तिथल्या पोरीनं मला धरून बसवलं. "बाबा, जनरेटर आहे, काही होत नाही," म्हणाली. मला तिचं खरं वाटलं नाही.

ऑपरेशन पार पडलं. ही वाचली. त्यानंतरही बरेच दिवस तिला तिथं ठेवलं, आणि मग गाडी करून गावी आणलं.

गाडी आमच्या शिवारात शिरली तर मला वाटलं डोळ्याला काही झालं. लाइनीखालून, टावर ते टावर, एक साफ पट्टा दिसत होता. दोन्ही बाजूंना पाचटाचे ढीग ओढून लावलेले. काही वावरांतून पलीकडचं पाचट पेटवून झालेलं, काळी राख, पण लाइनीखाली जाळाचा डाग नाही. माझा चुलतभाऊ बांधावर उभा होता. गाडी थांबवून मी त्याला विचारलं, "हे कोणी केलं?"

"तुझ्या लाइनवाल्यानं. आणखी कोणाला एवढं याड हाय?"

मग त्यानं सांगितलं. आमचा मुंबईला पोचल्याचा फोन गावात आला त्याच दिवशी हा टेंभुर्णीहून जीप-एसटी बदलत आला. तोडी चालू होत्या. आता त्याला काही अधिकार नव्हता. ना हेल्मेट, ना साहेब. पाचटात आडवा झाला असता तर लोकांनी उचलून बांधावर टाकला असता. म्हणून तो आडवा झाला नाही. एकेका वावरात जाऊन म्हणायचा, "तुम्ही पेटवा, मी न्हाई अडवत. फक्त लाइनीखालचं मला ओढून बाजूला करू द्या. मजुरी नको."

"मी म्हणलो त्याला," चुलतभाऊ म्हणला, "की अरे येड्या, आता तुला पगार न्हाई, काहून मरून राह्यला? तर म्हणतो, वहिनी मशीनवर हाय. मी म्हणलो, वहिनी मुंबईत, पाचट घनसावंगीत! तर म्हणतो, मधी लाइन हाय न."

"मंग?"

"मंग काय," चुलतभावानं मान खाली घातली. "मीबी ओढलं थोडं. बघत किती उभं ऱ्हायचं?"

तोडी अजून पुढं चालल्या होत्या, तसा हाही पुढं सरकत होता. ही घरी परत येईपर्यंत थांबायचं, असं त्यानं ठरवलं होतं. राहायला वावरातला आमचाच आखाडा, नुसतं खोपट, जेवायला कोणी दिलं तर. पोरगा त्याला बोलवायला गेला. दुपारी तो आला. रस्त्यानं नाही. टावरपर्यंत सरळ आला आणि काटकोनात वळला. पोरानं तिथूनच ओरडून सांगितलं, "आई, तुझे भाऊजी आले!"

ही ओसरीत खाटेवर होती. तिला हलायला मनाई होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. म्हणजे खरंच तिच्याकडं, डोक्याच्या वर नाही. मी ते पहिल्यांदाच बघितलं.

"हात बघू," ती म्हणाली.

त्यानं हात मागं नेले. "काही न्हाई, वहिनी."

"बघू म्हणलं न!"

उसाच्या पात्याची धार ज्यानं अनुभवली त्यालाच माहीत. तळवे, बोटं, मनगटं, सगळं चिरलेलं. जुन्या चिरांवर नव्या चिरा. ही बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि टाके दुखले म्हणून तिनं छातीला हात लावला.

"भाऊजी, दवाखान्यात जनरेटर असतो म्हणे. तुमची लाइन गेली असती तरी मला काही झालं नसतं."

"माहीत हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लाइनीवरचा माणूस मी, मला नसंल का माहीत? एक बंद पडलं तर दुसरं असतं त्यायच्याकडं."

"मंग उगं कशाला हात फाडून घेतले?"

त्यानं हात मांडीवर पालथे ठेवले.

"गावातल्या बायायनं तुमच्यासाठी नवस केले," तो म्हणला. "आमच्यात नवस न्हाई वहिनी. आम्ही बोलत न्हाई. डॉक्टरकी मला येत न्हाई. तुम्ही तिकडं पडलेल्या, आन मी दुकानात बसून साखर तोलू का? माणसानं काय करायचं मंग? मला जे येतं ते केलं."

सून वावरात गेली होती. ही खाटेवरून उठायला लागली, सवयीनं. मी तिला बसवलं आणि चुलीपाशी गेलो. घरात आलेल्या माणसाला मी जन्मात कधी ताट वाढलं नव्हतं. ते तिचं काम. भांडी कुठं असतात ते मला सापडेना.

"मीठ आधी वाढा," ही तिकडून म्हणाली. "आन ठेचा नका देऊ, हाताला आग होईल त्यायच्या. वरण हाय, ते द्या."

मी ताट नेऊन त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं भाकरीला हात घातला. भाकरी कडक होती आणि त्याची बोटं मिटत नव्हती. एकदा मोडायला गेला, जमेना. दुसऱ्यांदा गेला. मी त्याच्यापुढं मांडी घालून बसलो, ताट माझ्याकडं ओढलं, भाकरी माझ्या हातानं वरणात बारीक कुस्करली आणि ताट परत त्याच्यापुढं सारलं.

"जेव," मी म्हणलो.